आंबिलीचं तपेलं

कोल्हापूर,
१८ ऑक्टोबर

ती. आक्का यांस,
नमस्कार.

तुमचं पितळी तपेलं आमच्याकडं राहिलं आहे, झाकणासकट. संयोगिताच्या रक्षाविसर्जनाला तुम्ही ते स्मशानभूमीत ठेवून तशाच निघून गेलात. आमच्या दुकानातल्या आकारामनं उचलून घरी आणलं. घासून ठेवलं आहे. तुमच्या गावचं कुणी इकडं येणार असेल तर निरोप द्या, मी त्यांच्याकडं देतो.

मी चार वेळा फोन केला. दोनदा तुमच्या सुनेनं उचलला आणि आत्या रानात गेल्यात असं सांगितलं. एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी सात वाजता. सात वाजता रानात कोण असतं ते मलाही कळतं. म्हणून पत्र लिहितो. मला पत्रं लिहायची सवय नाही. दुकानात तीस वर्षं गोळ्यांच्या पाकिटांवर १-०-१ लिहीत आलो, सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. त्यापेक्षा जास्त कधी लिहावं लागलं नाही.

तिचं वर्षश्राद्ध २३ डिसेंबरला येतं. थोरली बहीण म्हणून तुम्ही यावं असं वाटतं.

त्या दिवशी मी जे बोललो ते तिथं बोलायला नको होतं. माणसं जमलेली होती, कावळ्यासाठी नैवेद्य मांडला होता, जो तो तिच्या आवडीचं आणून ठेवत होता. तुम्ही तपेलं ठेवलंत आणि मी ते हातानं बाजूला सारलं. "हेच खाऊन ती गेली, आता परत तेच कशाला," असं म्हणालो. सगळ्यांनी ऐकलं.

पण आक्का, अशा वेळी माणूस ताळ्यावर नसतो. तिला आधीच जुलाब होत होते, आणि तुम्ही दोन दिवस तिला नाचणीची आंबील पाजलीत. दवाखान्यात विचारलं, वेगळं काय खाल्लं होतं, तेव्हा मी ते सांगितलं. ते खोटं नव्हतं. एवढंच म्हणायचं आहे.

माझं बरं चाललं आहे. नऊला दुकान उघडतो. डबा लावला आहे. अनुजा पुण्याला बँकेत आहे तशीच आहे, दर रविवारी फोन करते. तुमचं नाव निघालं की विषय बदलते. तिचं मन मी हळूहळू वळवीन.

आपला,
विजयसिंह


कोल्हापूर,
५ नोव्हेंबर

ती. आक्का यांस,
नमस्कार.

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं. दिवाळीला अनुजा दोन दिवस आली होती. आम्ही फराळ विकत आणला आणि दोघांनी मिळून अर्धाही संपवला नाही.

मागचं पत्र लिहून पेटीत टाकलं आणि तेव्हापासून बरं वाटत नाही. त्यात मी माफीही मागितली नाही आणि सगळं सांगितलंही नाही.

दिवाळीच्या आधी आम्हा औषध दुकानदारांचं एक दिवसाचं प्रशिक्षण होतं. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देऊ नका, हे दरवर्षी सांगतात. आम्ही दरवर्षी ऐकतो, जेवतो आणि घरी येतो. यंदा बोलायला डॉ. रक्षिता उभ्या राहिल्या. संयोगिताला बघायला यायच्या त्याच, गडहिंग्लजकडच्या. तुम्ही त्यांना "बाई, तू जेवलीस का?" असं विचारलं होतं, तेव्हा त्या हसल्या होत्या. त्यांना मी तिथं बघितलं आणि मागच्या रांगेत जाऊन बसलो.

त्या जे बोलल्या ते मला जमेल तसं लिहितो. आपल्या आतड्यात जंतूंची मोठी वस्ती असते. अंगात जितक्या पेशी, जवळपास तितके जंतू. त्यातले बरेचसे कामाचे. ते जागा धरून बसलेले असतात म्हणून वाईट जंतूंना तिथं शिरकाव मिळत नाही. अंगाची राखण करणाऱ्या पेशी, त्यांचाही मोठा भाग आतड्याच्या भिंतीतच राहतो. कुणावर तुटून पडायचं आणि कुणाला सोडून द्यायचं हे त्या पेशी या वस्तीच्या संगतीनं शिकतात. वस्तीला खायला लागतं. भाकरी, घेवडा, पालेभाजी, यातला जो भाग आपल्याला पचत नाही तो खाली जाऊन त्यांचं पोट भरतो. मैदा आणि साखर वरच्या वर संपते, त्यांच्यापर्यंत काही पोचत नाही.

मग त्या आमच्याकडं बघून म्हणाल्या, "उसात तणनाशक मारताना तुम्ही चार जणांना विचारता. माणसाच्या पोटात मारताना चिठ्ठी पण बघत नाही. सगळं जळून रान मोकळं झालं की आधी काय उगवतं?"

मागनं कुणीतरी म्हणालं, "गाजरगवत." सगळे हसले.

त्यांनी पुढं सांगितलं की पोटात असा एक जंतू असू शकतो जो एरवी गप्प असतो, आणि बाकीचे मेले की माजतो. अँटिबायोटिक घेतल्यावर आठवडाभरात जुलाब सुरू होतात. घरचे जुलाब बंद करायची गोळी देतात आणि त्यानं विष आतच कोंडून राहतं. म्हाताऱ्या माणसांना जास्त धोका, ज्यांना वर्षानुवर्षं ॲसिडिटीची गोळी चालू आहे त्यांनाही जास्त.

आक्का, तुम्ही रेणुकेच्या आंबील यात्रेसाठी आमच्याकडं आलात त्याच्या आधीचं तुम्हाला माहीत नाही. ते लिहितो.

तुम्ही यायच्या दोन आठवडे आधी संयोगिताची दाढ सुजली. दातांच्या डॉक्टरांकडं नेतो नेतो म्हणालो आणि दुकानातून कॅप्सूल आणून दिल्या. सात दिवसांच्या. जोरकस औषध आहे, सूज दोन दिवसांत उतरली. सहाव्या दिवसापासून तिचं पोट बिघडलं. मी बंद व्हायची गोळी दिली. थांबलं नाही म्हणून पोटासाठी दुसरं अँटिबायोटिक सुरू केलं. नंतर तुम्ही नाचणीच्या पिठाची पिशवी घेऊन आलात.

हे त्या एका वेळचं झालं. सर्दी झाली की पाच दिवसांचा कोर्स, घसा धरला की तीन दिवसांचा, हे आमच्या घरात लग्नापासून चालू होतं. रोज सकाळी चहाच्या आधी ॲसिडिटीची गोळी, अकरा वर्षं. ती मागायचीही नाही, मीच पाण्याच्या पेल्याजवळ ठेवायचो. मला ते प्रेम वाटायचं. दुसरं काही मला करता येत नव्हतं. नवी नवरी होऊन आली तेव्हा ती दोन्ही वेळा भाकरी खायची. पुढं जळजळ होते म्हणून भाकरी सुटली, ताक सुटलं, चहा आणि बेकरीतलं मैद्याचं बटर सुरू झालं. तुम्ही एकदा आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून म्हणाला होतात, "पावणं, तुमच्या घरात पिठाच्या डब्यापरीस गोळ्यांचा डबा मोठा हाय की." संयोगिता किती हसली होती. मीही हसलो होतो.

जेवणाच्या सुट्टीत मी डॉक्टरांना गाठलं. त्यांनी मला ओळखलं. मी फक्त आंबिलीचं विचारलं. कशी करतात, तेही त्यांनी मलाच विचारून घेतलं. मी सांगितलं, पीठ रात्री भिजवायचं, सकाळी शिजवायचं, निवल्यावर घरचं ताक घालायचं. त्यावर त्या म्हणाल्या,

"आंबिलीनं त्या वाचल्या असत्या असं मी म्हणणार नाही, काका. पण आंबिलीनं त्या गेल्या नाहीत."

हे तुम्हाला कळवायचं होतं. माझी चूक झाली. मला माफ करा.

विजयसिंह


कोल्हापूर,
२० नोव्हेंबर

ती. आक्का,

तुमचं कार्ड मिळालं. दुकानाच्या पत्त्यावर आलं, गिऱ्हाईक समोर होतं, त्याला थांबवून वाचलं. नंतर पुन्हा वाचलं. पाठ झालं आहे.

"पावणं, दोनी पत्रं पोचली. मी तिला काय घातलं ते मला म्हाईत हाय. ते तुमी मला सांगून काय उपेग? ज्या पोरीनं वरीसभर मावशीचं त्वांड बघितलं न्हाय तिला सांगा. तपेलं ऱ्हाऊ द्या तिकडंच, मला दुसरं हाय."

तुमचं बरोबर आहे. मी चारचौघांत बोललो आणि माफी पाकिटात घालून पाठवली.

अनुजाला सांगायचं मी ठरवलं. दोन रविवार फोन आला, दोन्ही वेळा पाऊसपाण्याचं आणि तिच्या घरमालकिणीचं बोलून ठेवून दिला. आक्का, मला आता तिच्याशिवाय कुणी नाही. आणि ती माझ्याबद्दल काय बोलते ते तुम्हाला ठाऊक नाही. तिच्या बँकेतल्या मैत्रिणी भेटायला आल्या होत्या तेव्हा त्यांना सांगत होती, बाबा मेडिकल लाइनमधले आहेत म्हणून आईला दवाखान्यात लगेच नेलं तरी. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं. मी आतल्या खोलीत होतो. बाहेर आलो नाही.

तुम्हाला वाटत असेल, चुकीच्या गोळ्या दिल्या एवढंच सांगायचं आहे, त्याला एवढं काय. तेवढंच असतं तर मी सांगितलं असतं. ज्याच्या हातात औषध असतं त्याच्याकडून चूक होते, अनुजानं ती पोटात घातली असती. तुम्हाला मी अर्धंच लिहिलं आहे.

दवाखान्यात नेलं त्या संध्याकाळी डॉ. रक्षितांनी विचारलं, "गेल्या महिन्याभरात काही अँटिबायोटिक दिलं होतं का?"

मी म्हणालो, "काही नाही."

का म्हणालो ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्या वयानं आमच्या अनुजाएवढ्या. मी तीस वर्षं मुरलेला फार्मासिस्ट. दवाखान्यातले निम्मे लोक मला नावानं ओळखतात. आपण घरच्या माणसाला चिठ्ठी नसताना तीन-तीन औषधं घातली हे त्यांच्यासमोर जिभेवर येईना. उद्या सकाळी बाजूला घेऊन सांगू, असं वाटलं. मग त्यांनी विचारलं, वेगळं काही खाण्यात आलं का? काहीतरी सांगायला हवं होतं, मी तुमची आंबील सांगितली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी परत विचारलं. "नक्की ना काका? आठवून बघा." मी नक्की म्हणालो. एकदा नाही म्हटल्यावर दुसऱ्यांदा हो म्हणणं जास्त अवघड असतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपल्याच मनानं त्या जंतूची तपासणी करायला लावली. संध्याकाळी रिपोर्ट आला. त्याच्यावरचं औषध वेगळं असतं, तोंडानं द्यायचं. ते त्या संध्याकाळी सुरू झालं. सहाव्या दिवशी ती गेली.

दोन दिवस आधी सुरू झालं असतं तर काय झालं असतं, हे मी डॉक्टरांना विचारलेलं नाही. प्रशिक्षणाच्या दिवशीही ते तोंडात आलं होतं. त्यांनीच मला तिसऱ्यांदा विचारलं, आंबिलीच्या आधी काही चालू होतं का म्हणून. मी म्हणालो, तुमचं ताट थंड होतंय मॅडम.

आणखी एक आहे. पहिल्या संध्याकाळी मी "काही नाही" म्हणालो तेव्हा संयोगिता जागी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. कॅप्सूल तिनं स्वतः गिळल्या होत्या, तिला माहीत नव्हतं असं नाही. डॉक्टर तिच्याकडं वळल्या तेव्हा ती म्हणाली, "ह्यांना सगळं म्हाईत असतंय." आणि डोळे मिटले.

तिनं मला सांभाळून घेतलं की तिचा खरंच विश्वास होता, हे आता कुणाला विचारू?

अनुजा ७ डिसेंबरला येणार आहे. 

विजयसिंह


कोल्हापूर,
८ डिसेंबर, सकाळ

ती. आक्का,

हे पत्र पोस्टानं येणार नाही. अनुजा घेऊन येईल. ती आंघोळीला गेली आहे तेवढ्यात लिहितो, त्यामुळं अक्षर बघू नका.

काल दुपारी तिला सांगितलं. ती आल्यावर स्वयंपाकघरात गेली आणि म्हणाली, फळीवरचा गोळ्यांचा डबा कुठं गेला? तो मी गेल्या आठवड्यात काढून टाकला. तिथं नुसता गोल डाग राहिला आहे. माझं डोकं दुखतंय, एक गोळी द्या, म्हणाली. मी तिला बसायला सांगितलं आणि पहिल्यापासून सांगितलं. दाढ, कॅप्सूल, बंद व्हायची गोळी, दुसरं औषध. मग डॉक्टरांनी विचारलेलं आणि मी दिलेलं उत्तर. दोन्ही वेळचं. तुमच्या आंबिलीचं नाव मी का घेतलं तेही. बोलताना मी तिच्याकडं बघितलं नाही. टेबलावरच्या मिठाच्या बाटलीकडं बघत होतो.

ती रडेल, ओरडेल, उठून जाईल, सगळ्याची तयारी केली होती. तिनं फक्त विचारलं, "संपलं?"

मी हो म्हणालो.

मग ती जे बोलली त्याची तयारी मी केली नव्हती. ती म्हणाली, "आईनं मला फोनवर सांगितलं होतं. दाढेसाठी बाबांनी कॅप्सूल दिल्यात, आता बरं आहे म्हणून. तुम्ही डॉक्टरांना काही नाही म्हणालात तेव्हा मी पुण्याहून नुकतीच पोचून तुमच्या मागंच उभी होते. माझ्या तोंडात आलं होतं, बाबा, त्या कॅप्सूल. मग वाटलं, तुम्हाला माहीत असेल. दाढेच्या कॅप्सूलचा आणि जुलाबाचा काय संबंध? असता तर तुम्ही सांगितलं असतं."

आक्का, ती मागं उभी होती हे मला आठवतसुद्धा नाही.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "नंतर मी मोबाइलवर वाचलं. सुतकातच वाचलं. मला कळलं होतं, बाबा. पण मावशीची आंबील होती ना. ती होती म्हणून मला दुसरं काही बोलावं लागलं नाही."

म्हणजे हे पोरीनं वर्षभर एकटीनं वागवलं. दर रविवारी फोनवर जेवलात का विचारायची आणि मी विषय बदलला की तीही बदलायची. मला वाटत होतं मी तिच्यापासून लपवतोय.

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. संध्याकाळी तिनं स्वतः पिठलं केलं, मला वाढलं आणि आपलं ताट घेऊन बाहेरच्या खोलीत बसली. आज सकाळी एवढंच विचारलं की गगनबावड्याची पहिली गाडी रंकाळा स्टँडवरनं कितीला सुटते. मी सांगितलं. तपेलं तिनं स्वतःच काढून दाराजवळ ठेवलं आहे.

मी येतो म्हणालो नाही आणि तिनंही चला म्हटलं नाही. ती तुमच्याकडून परत इथं येईल की तशीच पुण्याला जाईल, मला माहीत नाही. तिला काही बोलू नका. तिनं तुमच्याशी जे केलं ते माझ्यामुळं केलं. तिची चूक असेल तर एवढीच, की त्या दिवशी तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. तिच्या आईसारखा. तिला जेवल्याशिवाय सोडू नका. पुण्यात ती सकाळी बिस्किटांवर असते.

२३ तारखेचं. रक्षाविसर्जनाला जे जे होते त्या सगळ्यांना बोलवायला मी आकारामला सांगितलं आहे. तो म्हणाला, दादा, झालं गेलं, आता उकरून काय करायचं? मी म्हणालो, तू फक्त बोलव. तुम्ही आलात तर तुमच्यासमोर सांगीन, नाही आलात तरी सांगणार आहे. डॉ. रक्षितांना उद्या जाऊन भेटणार आहे. त्यांनी तीनदा विचारलं, एकदा तरी खरं उत्तर त्यांना मिळायला पाहिजे. पुढच्या माणसाला त्याचा उपयोग होईल.

२३ तारखेला नैवेद्यात आंबील ठेवायची आहे. संयोगिताला लहानपणापासून आवडायची, तुम्ही सांगितलं होतं. ती मला येत नाही. डॉक्टरांना मोठ्या तोंडानं सांगितली, पण तीस वर्षांत एकदाही करताना जवळ उभा राहिलो नाही. अनुजाबरोबर पीठ देऊ नका, ते मी घेईन. फक्त एका कागदावर लिहून द्या. किती पीठ, किती पाणी, किती वेळ भिजवायचं, शिजल्यावर हात लावून किती निवलं की ताक घालायचं. पाकिटावर लिहितात तसं आकड्यात लिहिलंत तरी मला कळेल.

तिच्या आंघोळीचं पाणी बंद झालं. थांबतो.

विजयसिंह